कोऱ्या पत्र्याचं घर

लोकांचे नवरे बायकोला लुगडं घेतात, फारच उतू गेले तर नथ. माझ्या नवऱ्यानं मला ट्रक घेतला. घेतला खरं तर सिनेमासाठी, पण भांडण जुंपलं की "तुह्यासाठीच घेतला ना वं मी तो टरक" असं तो इतक्या वेळा म्हणाला, की पुढे पुढे त्याचं त्यालाही ते खरं वाटायला लागलं.

एकोणीसशे पन्नासनंतरची गोष्ट. लढाई संपली, इंग्रज गेले, आणि मिलिटरीच्या जुन्या गाड्या लिलावात निघायला लागल्या. आमचं घर देवळीचं आणि नवऱ्याचा धंदा फिरत्या सिनेमाचा. दिवाळी आटोपली की तंबू, मशीन आणि जनरेटर भाड्याच्या गाडीत घालून निघायचा, जत्रा नि बाजार करत हिंडायचा, आणि मृग लागायच्या तोंडावर परत यायचा. लग्न ठरलं तेव्हा मावशी एवढंच म्हणाली होती, "मुलगा सिनेमात हाये." मी मनातल्या मनात त्याला केस मागे वळवलेला हिरो करून टाकला. बोहल्यावर अंतरपाट दूर झाला तर पुढ्यात उभा कोण? अंगाला रॉकेलचा वास, नखांत ग्रीस, आणि मुंडावळ्यांतून घाम गळणारा एक हडकुळा माणूस. पण हसला छान. तेवढ्यावर मी भागवलं.

आता भागवलं म्हणते, पण तो माणूस मला आवडला होता, हे सांगून टाकते. म्हणूनच पुढचं सगळं झालं. लग्नानंतरच्या दोन्ही दिवाळ्यांना मी दारात उभी राहून त्याला ओवाळून वाटेला लावलं आणि आठ-आठ महिने वाट पाहिली. चार महिन्यांचा नवरा, तोही पावसाळ्यातला, छपराला भोकं असलेल्या घरातला. मला त्याच्याबरोबर जायचं होतं. यात काय मोठं आभाळ कोसळत होतं? पण कोसळत होतं. आमच्या सासूबाईंच्या डोक्यावर.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची, आमच्याकडची रीतच ती. बाई अंगानं काटकुळी, पण घरात तिचाच शब्द चालायचा. सासरेही जत्रेचेच माणूस. बैलबंडीवर रेवड्या-फुटाण्यांचं दुकान घेऊन उभा हिवाळा, उभा उन्हाळा फिरायचे. माझं लग्न व्हायच्या आधीच ते गेले. त्यांची बंडी अजून गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती. ती विकू द्यायची नाही आणि तिला कोणी हातही लावायचा नाही, असा आत्याबाईंचा दंडक. मला वाटायचं, म्हातारीला लाकडाचा लोभ.

"सिनेमाच्या गाडीत घरची सून राहत नसते," हे तिचं पहिलं वाक्य आणि शेवटचंही. वर म्हणायची, "लोक तिकीट काढून पडदा पाह्यतीन का तुले?"

मग मी उपोषण केलं. वर्धा जिल्ह्यात राहायचं आणि उपोषण येऊ नये, हे कसं चालेल? आमच्याकडे शेळीला पाला कमी पडला तरी ती सत्याग्रहाला बसते. मी चुलीपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसले. आत्याबाईंनी पहिल्या दिवशी बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर पाट टाकून झुणका-भाकर आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला, तोही बोटं चाटून. इंग्रजांनीसुद्धा कोणावर एवढा जुलूम केला नसेल. संध्याकाळी हात धुताना म्हणाली, "घर करून दाखव म्हणावं त्याले. गाडीचं घर केलं तं जाजो. बोर्ड केला तं इथंच राहजो." म्हणजे गाडी घरासारखी दिसली तर सुनेनं जायचं, जाहिरातीसारखी दिसली तर नाही. मी उठले आणि उरलेला झुणका तव्यासकट खरवडून खाल्ला.

त्याच पावसाळ्यात नवऱ्यानं लिलावातून तो ट्रक आणला आणि वर्ध्याच्या एका मिस्त्रीकडून त्यावर बॉडी बांधून घेतली. लाकडाचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. पुढे मशीन ठेवायची जागा, मागे आमची खोली. भिंतीला बिजागरीनं जोडलेली बाज, शेगडीपुरता कोपरा, दोन बाजूंना दोन खिडक्या, मागे दार आणि दाराला तीन पायऱ्या. मी बघायला गेले तर सूर्य कलला होता आणि ती गाडी अशी लखलखत होती की डोळे मिटावे लागले. पत्र्यात माझं तोंड दिसलं, चपटं, पण दिसलं. मिस्त्री म्हणाला, "रंग देल्ला नाई तरी चालते, हा पत्रा काही गंजत नाई. फक्त राख-सोडा लावू नका, अन् चुना तं जवळबी आणू नका. पत्रा खाऊन टाकते तो." मी मान डोलावली. मला तर ती तशीच हवी होती, कोरी.

नवऱ्याच्या खिशातून मात्र खडू निघाला. त्यानं पत्र्यावर रेघा ओढायला सुरुवात केली.

"इथं हिरोईन. असा पदर उडून राह्यला. तिकडं पिस्तूलवाला. मांगं दोघं झाडाखाली."

"अन् मी?" मी विचारलं.

"तू आत."

"म्हणजे हिरोईनच्या पोटात?"

त्यानं मागे सरकून पाहिलं. खिडकी बरोबर हिरोईनच्या कमरेवर येत होती. म्हणजे मी खिडकी उघडून तांदळाचं धुवण बाहेर फेकलं, तर ते तिच्या बेंबीतून येणार! मी त्याला हे सांगितलं. मिस्त्री हसता हसता खाली बसला, नवरा नाही हसला.

त्याचंही खोटं नव्हतं. फिरत्या सिनेमाला भिंत नसते, पाटी नसते. गाडी गावात शिरताना लोकांनी जे पाहिलं तीच त्याची जाहिरात. "कोरी गाडी घेऊन गेलो तं लोक म्हणतीन, हे टिनाचं डबडं कायले आलं? रंग तं पाहिजेच," तो म्हणाला. मी म्हणाले, "रंग दिला की बोर्ड झाला. बोर्ड झाला की मी देवळीत. मग घाला तुमच्या हिरोईनलाच भाकऱ्या करायला." त्यानं खडू खिशात टाकला. त्या वर्षी जिंकले मी. आत्याबाईंनी दिवाळीनंतर गाडीभोवती एक फेरी मारली, पत्र्यावर बोटानं टकटक केलं, "पाण्याच्या रिकाम्या गुंडासारखी वाजते" म्हणाली, आणि मला जाऊ दिलं.

ते पहिले दिवस! मी पुढे नवऱ्याच्या शेजारी बसलेली, डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडतोय, रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेचणीला आलेला कापूस. तो गाडी चालवता चालवता गाणं म्हणायचा, बेसूर, आणि मी ऐकून घ्यायची. मला वाटलं, झालं, सुटले मी.

आर्वीकडच्या एका गावाशी पोचलो तर गावात शुकशुकाट. दारं बंद. एक कुत्रं भुंकलं आणि त्यालाही कोणीतरी घरात ओढून घेतलं. आम्ही माळावर गाडी लावली. तेवढ्यात कोतवाल धावत आला आणि नवऱ्याला वाकून रामराम करत म्हणाला, "डॉक्टरसाहेब, पोट्टे आत्ता होते जी. कुठं गेले काय माहीत."

देवीची लस टोचायला सरकारी माणसं त्या काळी गावोगाव हिंडायची, आणि लस म्हटलं की लोकांची गाळण उडायची. आमची गाडी पडली कोरी, चकचकीत, अक्षर नाही की चित्र नाही. अशी गाडी सरकारशिवाय कोणाची असणार? गावातल्या बायांनी आपापली लेकरं तुरीच्या शेतात नेऊन दडवली होती. तुरी होत्या माणूसभर उंच. बाहेरून पाहिलं तर सगळं शेत हलत होतं आणि आतून खोकल्याचे आवाज येत होते.

नवऱ्यानं भोंगा लावला. "आज रात्री, सिनेमा! गाणे, नाच, मारामारी!" शेतातून कोणीतरी ओरडलं, "फसवून राह्यले रे! निंगू नका!" एक म्हातारी तेवढी धीर करून माझ्यापाशी आली, माझे हात धरले आणि म्हणाली, "नर्सबाई, माह्या नातवाले मागच्या सालीच टोचलं वं माय. त्याले सोडजो." मी तिला सांगितलं, मी नर्स नाही, सिनेमावाल्याची बायको आहे. तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं, हाताला लागलेल्या भाकरीच्या पिठाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "सरकार काय काय सोंगं करते बाई."

त्या रात्री तंबूत कोतवाल, त्याची बायको आणि दोन बैलराखे. पुढच्या गावात तेच, त्याच्या पुढच्या गावातही तेच. कारण आमच्या आधी आमची बातमी पोचायची. चौथ्या मुक्कामाला नवरा जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "रंगवतो मी गाडी."

"मग मी जाते देवळीला."

"जाय."

तो तरी म्हणायचा ना, थांब! आणि मी तरी ऐकायची ना! पण दोघांच्याही नाकावर माशी बसत नव्हती. त्यानं मला वर्ध्याच्या अड्ड्यावर मोटारीत बसवून दिलं आणि तिकीटही स्वतःच काढलं मेल्यानं, खिडकीतून संत्री दिली वर. सगळ्या रस्त्यात मी ती संत्री सोलत आणि रडत आले. आत्याबाई दारातच होत्या. "आली?" "आले." "हं." एवढंच बोलणं. रात्री मात्र माझ्या ताटात तुपाची धार नेहमीपेक्षा लांब होती. म्हटलं, जिंकली ना, म्हणून खूश असेल म्हातारी.

तो उन्हाळा मी कसा काढला ते माझं मला माहीत. दुपारी कौलं तापायची, आत्याबाई भिंतीकडे तोंड करून पडायच्या, आणि मी नवऱ्याला मनात शिव्या द्यायची. शिव्या संपल्या की आठवण यायची. आठवण आली की परत राग यायचा.

मृगाच्या आधी ट्रक दारात आला. मी ठरवलं होतं, बाहेर जायचंच नाही. पण गल्लीतली सगळी माणसं इतक्या जोरानं हसायला लागली की मला राहवेना. बाहेर येऊन पाहते तर हिरोईनला नाक नाही! एक डोळा गेलेला, दुसरा अर्धा. पदर होता, पण खांदा नव्हता. पिस्तूलवाल्याचं नुसतं पिस्तूल राहिलेलं, आणि ते कोणी धरलंय याचा पत्ता नाही. झाडाखालच्या दोघांपैकी झाड शिल्लक होतं.

पेंटरनं गुळगुळीत पत्र्यावर अस्तर न देता सरळ तेलाचा रंग फासला होता. हिवाळाभर टिकला. चैत्रात पत्रा तापला तसे रंगाला पापडासारखे फुगे आले, आणि वैशाखात वाऱ्यावर उडायला लागला. "लोक सिनेमाले नाई, गाडी पाहाले येत," नवरा सांगत होता, "आज काय गेलं म्हणून. नाक गेलं त्या दिवशी तं बायाबी आल्या." हे तो इतक्या केविलवाण्या तोंडानं म्हणाला की मी पायरीवर बसून पोट धरधरून हसले. मग तोही हसला. तेच हसणं, बोहल्यावरचं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, पण धुपाटणं घेऊन तरी घरी आला.

हसण्यानं प्रश्न थोडाच सुटतो? पावसाळ्यात त्यानं उरलासुरला रंग खरवडून काढला आणि गाडी पुन्हा कोरी झाली. आम्ही पुन्हा तिथंच आलो. नागपूरला म्हणे एक पेंटर होता, तो आधी अस्तर मारायचा, मग रंग. मग बापजन्मी निघत नाही. दिवाळी झाली की सरळ त्याच्याकडे जायचं, असं नवऱ्यानं ठरवलं. मी भांडले. तो म्हणाला, "कोरी ठेवली तं लोक पोट्टे लपवते. रंगवली तं बायको लपते. मी काय करू, सांग?" धंदा बुडवून मला फिरायचं नव्हतं, आणि बापजन्मी निघणार नाही असा रंग लागला की मीही बापजन्मी निघणार नव्हते, देवळीतून. आत्याबाई हे सगळं ऐकत असायच्या. तांदूळ निवडत बसायच्या, नि खडे बाजूला फेकायच्या.

दिवाळी तोंडावर आली. सारवण झालं, घराला आतून-बाहेरून चुना देऊन झाला. एका सकाळी नवरा पुलगावला जनरेटरचा पट्टा आणायला गेला आणि मी गोधड्या धुवायला विहिरीवर गेले. दुपारी डोक्यावर ओल्या गोधड्यांचा ढीग घेऊन परत आले तर अंगणात आत्याबाई बाजेवर उभ्या. पदर कमरेला खोचलेला. एका हातात बादली, दुसऱ्या हातात चुन्याचा पोतारा, आणि चालू होतं ट्रकला पोतारणं! ट्रकची सगळी डावी बाजू पांढरी झाली होती. पांढरी तरी कशी म्हणू? चुन्याखाली बारीक बारीक बुडबुडे येत होते, आणि जिथं आधी हात फिरला होता तिथं करडे, काळपट डाग उमटायला लागले होते. मला मिस्त्रीचे शब्द आठवले. गोधड्या माझ्या डोक्यावरून तशाच खाली पडल्या.

तेवढ्यात नवरा आला.

"माय! हे काय करून राह्यली!"

"दिवाळी हाये," आत्याबाई म्हणाल्या. हात थांबला नाही. "घराले चुना देऊन राह्यली."

"घर नाई थे! गाडी हाये! पत्रा खाते चुना, पाह्य, पाह्य कसा फसफसून राह्यला!"

"फसफसू दे."

"अवं पण कायले? तुले कोणं सांगतलं?"

आत्याबाईंनी पोतारा बादलीत टाकला आणि त्या बाजेवरून उतरल्या. चुन्यानं हात कोपरापर्यंत पांढरे, भुवयाही पांढऱ्या. मला वाटलं, आता माझीच पाळी. पण त्या माझ्याकडे पाहतच नव्हत्या. गोठ्याकडे पाहत होत्या, जिथं सासऱ्यांची बंडी टेकून ठेवलेली.

"ज्या घराले दिवाळीचा चुना लागते, त्या घरात सून राह्यते," त्या म्हणाल्या. "मंग कोणी काई म्हणत नाई. मंग त्याच्यावर तू हिरोईन काढ नाईतं माकड काढ. खालून घरच हाये."

त्या पदराला हात पुसत राहिल्या, पण चुना काही निघेना.

"तुह्या बापाच्या बंडीले कोणी चुना देल्ला नाई," त्या म्हणाल्या. "आठ-आठ महिने जाये थो. मी म्हणो, बंडी ते बंडी, तिच्यात बाईमाणसानं जाऊ नये. माही सासूबी तेच म्हणे. जलम गेला माहा ह्या दारात. बंडीले चुना देता येते, हे मले कोणी सांगतलंच नाई. सांगतलं असतं तं म्या देल्ला असता, बाप्पा. मीच देल्ला असता."

हे बोलून त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं. नाही रडल्या. नाक शिंकरलं आणि बादलीत किती चुना उरलाय ते पाहायला लागल्या. माझ्या मात्र डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तुपाची ती लांब धार मला आत्ता कळली, आणि मी किती मूर्ख होते तेही.

पुढे नागपूरचा पेंटर म्हणाला, असा खाल्लेला पत्रा रंग पक्का धरतो. आणि धरला त्यानं, चांगली दहाएक वर्षं. हिरोईन, पिस्तूलवाला, झाड, सगळे नाकडोळ्यांसकट. हिरोईनच्या बेंबीतून मी तांदळाचं धुवणही पुष्कळ फेकलं. पण त्या दुपारी यातलं आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. आमच्यापुढे फक्त एक नासत चाललेला पत्रा होता, आणि तो अजून अर्धा कोरा होता.

नवरा हळूच मला म्हणाला, "निदान उजवी बाजू तं वाचव. डावी धुऊन टाकू ना थोडीशी. मिस्त्री काय म्हणे, तूबी ऐकलं होतं ना?"

"ऐकलं होतं," मी म्हणाले. "गप बसा तुम्ही. ती बादली इकडं सरकवा."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग मायच्या. बादली सरकवली. मी ओला पदर कमरेला खोचला, पोतारा पिळला, आणि उजव्या बाजूच्या चकचकीत पत्र्यावर, जिथं मला माझं चपटं तोंड दिसत होतं, तिथंच पहिला हात मारला.

मागून आत्याबाईंचा आवाज आला, "वरून घे वं, वरून. अन् कोपरे सोडजो नको."